जुना प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप आणि छतातली केबल

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या मराठी मंडळाचं पहिल्या मजल्यावर छोटं सभागृह आहे. व्याख्यानं, पुस्तक-परिचय, दिवाळीच्या सुमाराला मंडळाच्याच जुन्या नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती, असे तिथले कार्यक्रम. छताला एक प्रोजेक्टर टांगलेला आहे. त्याचं चित्र ४:३ प्रमाणातलं, आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके. त्याला व्हीजीएचं, म्हणजे संगणकाचं चित्र नेणाऱ्या जुन्या जोडणीचं, पंधरा पिनांचं तोंड आहे, शिवाय पिवळ्या पिनेचं एक व्हिडिओचं तोंड आहे, पण एचडीएमआय ही नवी जोडणी नाही. व्यासपीठाजवळच्या भिंतीत एक डबी बसवलेली आहे आणि तिथून फॉल्स सीलिंगच्या आतून साधारण पंधरा मीटर केबल प्रोजेक्टरपर्यंत जाते. मंडळाचा जुना लॅपटॉप चालू होता तोवर यातलं काही कुणाला ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. तार डबीत लावली की पडद्यावर चित्र यायचं. मग तो लॅपटॉप बंद पडला, नवा आला, आणि नव्याला व्हीजीएचं तोंडच नव्हतं.

सभागृहाची तांत्रिक बाजू मी बघतो. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशी सभागृहं, शाळा, वाचनालयं ठिकठिकाणी आहेत आणि तिथे निदान न होताच चांगले प्रोजेक्टर भंगारात जातात. आमचाही जाणार होता. त्याचा दिवा चांगला होता, रंग चांगले होते. बिघाड त्याच्यात नव्हताच.

तक्रार काय होती

निमित्त झालं मोडी लिपीवरच्या व्याख्यानाचं. सभासदांपैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातले मोडी कागद आहेत, त्यांची छायाचित्रं पडद्यावर दाखवून वाचन करायचं असं ठरलं होतं. लॅपटॉपच्या एचडीएमआयचं व्हीजीए करणारा म्हणून रावपुऱ्यातल्या एका दुकानातून एक अडॅप्टर आणला गेला. दुकानदार म्हणाला, “न चाले तो पाछुं लावजो.” तो परत न्यावाच लागला, कारण तो उलट दिशेचा निघाला: व्हीजीए घेऊन एचडीएमआय देणारा. दोन्ही दिशांच्या अडॅप्टरच्या डब्या दिसायला जवळपास सारख्या असतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही. घेताना एवढंच बघायचं की लॅपटॉपकडच्या टोकाला एचडीएमआय आहे आणि डबीवर आत येणारा सिग्नल म्हणून एचडीएमआयच लिहिलेलं आहे.

बरोबर दिशेचा अडॅप्टर आला आणि खरी गुंतागुंत सुरू झाली. मंडळाचा नवा लॅपटॉप लावला की प्रोजेक्टर सिग्नल चालत नसल्याची पाटी दाखवायचा. चिटणीसबाईंचा लॅपटॉप लावला की चित्र यायचं, पण मधूनच पडदा काळा व्हायचा आणि काही सेकंदांनी परत उजळायचा. व्याख्यात्यांच्या लॅपटॉपवर चित्र टिकलं, पण अक्षरं इतकी फुगलेली की निम्मं पान पडद्याबाहेर. तोच अडॅप्टर कार्यालयातल्या जुन्या मॉनिटरला छोट्या केबलने लावला तर कुठल्याही लॅपटॉपचं चित्र स्वच्छ. यावरून समितीने काढलेला निष्कर्ष सरळ होता: मॉनिटरवर चालतं, प्रोजेक्टरवर चालत नाही, म्हणजे प्रोजेक्टर गेला. खजिनदार काका मला म्हणाले, “अरे, पिन नीट बसतेय, दिवा लागतोय, मग चित्र का नाही? नवाच घेऊ या, दर मागवलेत.” मी म्हटलं, “काका, दर येऊ द्यात, पण ऑर्डर देऊ नका. मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांच्यात आणखी एक फरक आहे. केबल.”

अडॅप्टर नेमकं काय करतो

यासाठी थोडं मागे जावं लागेल. व्हीजीए आलं १९८७ साली, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. त्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी तीन तारा असतात आणि रंगाची तीव्रता म्हणजे त्या तारेवरचा दाब: शून्य व्होल्ट म्हणजे काळं, ०.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण तेज. ओळ कुठे संपली आणि चौकट कुठे संपली हे सांगायला आणखी दोन तारा. काचेच्या नळीच्या पडद्यासाठी हे अगदी नैसर्गिक होतं, कारण नळीतला किरण असाच ओळीमागून ओळ फिरत असे. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाली आणि त्यात जाते ती आकड्यांची माळ. प्रत्येक ठिपक्याचा रंग एक संख्या म्हणून येतो, आणि त्याच तारेतून आवाजही. मग डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या संगणक कंपन्यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीएला रजा द्यायची. आमच्या नव्या लॅपटॉपला ते तोंड नाही याचं मूळ त्या निर्णयात आहे.

म्हणजे या दोहोंच्या मध्ये नुसती पिन बदलून भागत नाही. संख्येचं व्होल्टेज करणारी चिप लागते, आणि चिपला वीज लागते. आमच्या एका सभासदाकडे डीव्हीआय (पडद्याची आणखी एक जोडणी) ते व्हीजीएची बिनचिपची छोटी पिन होती आणि ती उत्तम चालायची, म्हणून त्यांना हे पटेना. पण डीव्हीआयच्या एका प्रकारात अ‍ॅनालॉगच्या (व्होल्टेजने चित्र नेणाऱ्या) पिना मुळातच असतात. ती पिन त्या फक्त व्हीजीएच्या जागी आणून ठेवते. एचडीएमआयमध्ये अ‍ॅनालॉगची एकही पिन नाही.

विजेवरूनच पहिला धागा सापडला. एचडीएमआयच्या अठराव्या पिनवर लॅपटॉप पाच व्होल्ट देतो, पण नियमाने त्याच्यावर किमान ५५ मिलिअँपिअर देण्याचंच बंधन आहे. चिप याहून जास्त मागू शकते. काही लॅपटॉप उदारपणे देतात, काही नाही. चिटणीसबाईंच्या लॅपटॉपवर पडदा मधूनच काळा होत होता तो यामुळे. आमच्या अडॅप्टरला बाजूला बारीक यूएसबीचं भोक होतं, त्यात मोबाइलच्या चार्जरची तार लावली आणि चित्र जाणं थांबलं. नवा अडॅप्टर घेणाऱ्याला मी आता हेच सांगतो की असं भोक असलेलाच घ्या. किमतीत फार फरक पडत नाही आणि कार्यक्रमात चित्र जात नाही.

तीन लॅपटॉप, तीन तऱ्हा

उरला मोठा प्रश्न. एकाच अडॅप्टरला, एकाच प्रोजेक्टरवर, तीन लॅपटॉप तीन तऱ्हांनी का वागत होते?

दाखवणारं यंत्र जोडलं गेलं की लॅपटॉप त्याला आधी विचारतो की तू कोण, तुला किती ठिपके झेपतात. उत्तर म्हणून यंत्र किमान १२८ बाइटांचा एक छोटा मजकूर देतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. त्यात बनावट, नाव, चालणारी रिझोल्यूशनं (आडवे-उभे ठिपके) आणि सगळ्यात आवडतं रिझोल्यूशन असं सारं असतं. व्हीजीएच्या तोंडात हा मजकूर बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून येतो. अडॅप्टर तो वाचतो आणि लॅपटॉपला पोचवतो. चित्राचा या दोन पिनांशी काही संबंध नाही. त्या तुटल्या तरी चित्र जाऊ शकतं. फक्त कसलं चित्र पाठवायचं हे लॅपटॉपला कळत नाही.

कळलं नाही की प्रत्येक जण आपल्या अंदाजाने चालतो. काही अडॅप्टर स्वतःचाच साठवलेला मजकूर पुढे करतात आणि त्यात १९२० बाय १०८० असतं. नव्या लॅपटॉपने तेच मानलं. त्या चित्राला सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपक्यांचा वेग लागतो, आमच्या प्रोजेक्टरच्या स्वतःच्या १०२४ बाय ७६८ ला साडेसहा कोटी पुरतात. दुपटीहून जास्त वेग आला आणि प्रोजेक्टरने हात वर केले. व्याख्यात्यांच्या लॅपटॉपने सावध पवित्रा घेऊन ८०० बाय ६०० पाठवलं, म्हणून अक्षरं फुगली. चिटणीसबाईंच्या लॅपटॉपला आधी कधीतरी १०२४ बाय ७६८ लावून दिलेलं होतं, त्याने तेच धरून ठेवलं. कार्यालयातल्या मॉनिटरची छोटी केबल कारखान्यातून जोडून आलेली, तिच्यात सगळ्या पिना जिवंत; म्हणून तिथे कुणाचीच तक्रार नाही.

अंदाज खरा की खोटा हे तपासायला मल्टिमीटर पुरला; तार अखंड असली की तो बीप करतो. पंधरा मीटरच्या केबलची दोन टोकं एकदम मीटरला लावता येत नाहीत, म्हणून वायरमनभाई शिडीवर चढले, प्रोजेक्टरकडच्या टोकाला बारावी पिन आणि दहावी, म्हणजे जमिनीची, पिन तारेच्या तुकड्याने जोडली, आणि मी खाली डबीत त्याच दोन पिनांवर मीटर धरला. बीप नाही. पंधरावी, तीच गत. तेराव्या आणि चौदाव्या पिनेला मात्र खणखणीत बीप. डबी उघडली तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. ही केबल मीटरवर विकत घेऊन जागेवर टोकं डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली होती, आणि ती बाजारात ज्याला ‘थ्री प्लस टू’ म्हणतात त्या जातीची होती: तीन रंगांच्या तीन कोअर आणि दोन साध्या तारा. बारा आणि पंधरासाठी तारच नव्हती. जुन्या लॅपटॉपला १०२४ बाय ७६८ कुणीतरी हाताने लावून ठेवलेलं असणार, त्यामुळे ती उणीव इतकी वर्षं झाकली गेली.

‘थ्री प्लस फोर’, ‘थ्री प्लस सिक्स’ असेही प्रकार मिळतात. केबल ओढणाऱ्याला ते सांगून घ्यावं लागतं, नाहीतर स्वस्तातली येते, चित्र दिसतं, आणि काम पूर्ण झालं असं सगळे समजतात.

काय केलं

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने १०२४ बाय ७६८ निवडणं हा बिनखर्ची उपाय. मंडळाच्या लॅपटॉपवर तो लगेच चालला. पण आमच्याकडे दर कार्यक्रमाला वक्ता आपला लॅपटॉप घेऊन येतो. पाहुण्याच्या यंत्रात शिरून सेटिंग बदलणं बरं दिसत नाही, आणि मजकूर न मिळाल्यामुळे कधी कधी यादीत ते रिझोल्यूशनच नसतं. छतातून नवी केबल ओढायची तर फॉल्स सीलिंग उघडायचं, सुतार, रंगारी. लांब एचडीएमआय केबल टाकून अडॅप्टर वर प्रोजेक्टरजवळ ठेवायचा विचारही झाला, पण त्यालाही छत उघडणं आलंच.

आम्ही घेतला तो ईडीआयडी लक्षात ठेवणारा एक छोटा डबा. तो आधी शिडीवर चढून आखूड केबलने थेट प्रोजेक्टरला लावला, बटण दाबून प्रोजेक्टरचा मजकूर त्यात उतरवून घेतला, मग खाली आणून अडॅप्टर आणि भिंतीतली डबी यांच्यामध्ये कायमचा बसवला. आता कुठलाही लॅपटॉप विचारतो तेव्हा उत्तर तो डबा देतो, प्रोजेक्टरच्या नावाने आणि प्रोजेक्टरच्याच आकड्यांसह. तिन्ही लॅपटॉप एकापाठोपाठ लावले. तिन्हींनी आपण होऊन १०२४ बाय ७६८ पाठवलं. नव्या प्रोजेक्टरच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ होता. खजिनदार काकांनी दरपत्रकं फाइलला लावून ठेवली.

अनुस्वार दिसला पाहिजे

बऱ्याच ठिकाणी काम इथे थांबतं, चित्र आलं ना, म्हणून. मला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या सभागृहात मागच्या रांगांत बसणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. देवनागरीत अर्थ एका ठिपक्यावर तोललेला असतो: ‘मंद’ आणि ‘मद’, ‘वंश’ आणि ‘वश’. रफार, पहिली वेलांटी, अर्धा र, हे सगळे बारीक रेषांचे खेळ आहेत. मोडीत तर आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात, लेखणी न उचलता. तिथे एक वळण पुसलं गेलं तर वाचन चुकतं. रोमन अक्षरं थोडी धुरकट झाली तरी चालून जातात. आपली चालत नाहीत.

धूसरपणाची कारणं दोन ठिकाणी होती. पहिलं लॅपटॉपमध्ये. डुप्लिकेट मोडमध्ये, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र असताना, लॅपटॉप आपल्या रुंद पडद्याशी तडजोड करून काहीतरी भलतं रिझोल्यूशन पाठवू शकतो. समजा १२८० बाय ७२० गेलं, तर प्रोजेक्टर ते १०२४ बाय ५७६ मध्ये आक्रसतो, १९२ ओळी वर-खाली काळ्या वाया जातात, आणि एका ठिपक्याची रेषा ०.८ ठिपक्यावर येऊन फिकी पडते. विंडोजची कळ आणि पी दाबून एक्सटेंड निवडलं की पडद्याला त्याचं स्वतःचं रिझोल्यूशन मिळतं. वक्त्यांना आम्ही आता आधीच कळवतो की स्लाइड ४:३ मध्ये करा. पडदा पूर्ण भरतो आणि अक्षर मोठं घेता येतं.

दुसरं कारण व्हीजीएच्या स्वभावात आहे. एचडीएमआयमध्ये प्रत्येक ठिपका कुठे सुरू होतो याचा ठोका तारेतूनच येतो. व्हीजीएमध्ये तो येत नाही. नळीच्या पडद्याला त्याची गरज नव्हती, पण आजच्या प्रोजेक्टरला नेमके ठिपके भरायचे असतात, म्हणून आलेल्या सिग्नलचे तुकडे कुठे पाडायचे हे तो अंदाजाने ठरवतो. १०२४ बाय ७६८ च्या प्रत्येक ओळीत दिसणारे आणि न दिसणारे मिळून १३४४ ठिपक्यांचा वेळ असतो. प्रोजेक्टरने १३४३ किंवा १३४५ मोजले की पडद्यावर उभे धुरकट पट्टे येतात. मोजणी बरोबर असूनही तुकडा दोन ठिपक्यांच्या सीमेवर पडला तर सगळीच अक्षरं थरथरतात. यासाठी प्रोजेक्टरच्या मेनूत दोन सेटिंग असतात, त्यांची नावं बहुधा क्लॉक किंवा फ्रिक्वेन्सी, आणि फेज किंवा ट्रॅकिंग. ऑटो बटण दोन्ही लावतं, पण बहुतेक स्लाइड पांढरी असेल तर त्याला पकडायला कडाच मिळत नाही. मी एक काळा, एक पांढरा, एक काळा अशा एका ठिपक्याच्या उभ्या रेघांची पूर्ण पडदाभर एक प्रतिमा केली, ती लावून आधी क्लॉकने पट्टे घालवले, मग फेजने थरथर थांबवली. हा क्रम उलटा चालत नाही. त्यानंतर शेवटच्या रांगेतून ‘पंचांग’ हा शब्द त्याच्या दोन्ही अनुस्वारांसकट वाचता आला.

अक्षरांच्या उजवीकडे एक पुसट सावली अजून आहे. व्हीजीएच्या रंगतारा ७५ ओहमच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. जागेवर दिलेल्या डागांनी तो हिशेब बिघडतो आणि सिग्नलचा थोडा भाग टोकावरून परत उसळतो. डबीकडचे डाग पुन्हा नीट दिल्यावर ती कमी झाली, गेली नाही. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ती जास्त जाणवते, म्हणून आम्ही पांढऱ्यावर काळी अक्षरं घेतो.

आवाज आणि कुलूप

व्हीजीएमधून आवाज जात नाही. अडॅप्टरला साडेतीन मिलिमीटरचं भोक असेल तर आवाज तिथून बाहेर निघतो, आणि लॅपटॉप आपण होऊन आवाज तिकडे वळवतो, म्हणून ‘लॅपटॉपचा स्पीकर बंद पडला’ अशी तक्रार येते. ध्वनिक्षेपकात घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर एकाच बोर्डवर लावावा, आमचा गेला.

सगळ्यात जास्त गैरसमज झाला तो ओटीटीच्या काडीवरून, म्हणजे इंटरनेटवरचे सिनेमे-नाटकं दाखवणाऱ्या, एचडीएमआयला लावायच्या छोट्या यंत्रावरून. एका सभासदाने हौसेने ती आणली, अडॅप्टरला लावली, मेनू दिसला आणि नाटक सुरू करताच पडदा काळा. हा बिघाड नव्हे. एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, इंटेलने तयार केलेलं. संरक्षित चित्र पाठवण्याआधी समोरचं यंत्र अधिकृत आहे का हे ते तपासतं. अ‍ॅनालॉगमध्ये चित्र गेलं की कुलूप लावायला जागाच उरत नाही, म्हणून साधा अडॅप्टर त्या तपासणीत उतरत नाही. कुलूप चुकवणाऱ्या डब्या आणायच्या नाहीत असं समितीने ठरवलं, आणि मला ते योग्य वाटतं. मंडळाच्या स्वतःच्या चित्रफिती पेनड्राइव्हवरून व्यवस्थित दिसतात. विकत घेतलेल्या डीव्हीडी जुन्या प्लेअरवरून पिवळ्या पिनेने दाखवतो. ५७६ ओळींचं पाल (जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) चित्र, नाटकासाठी चालण्यासारखं.

पिवळ्या पिनेवरून आठवलं, घरच्या काचेच्या टीव्हीला नवा एचडीएमआयवाला सेट-टॉप बॉक्स जोडायचा कसा असं काकू मंडळी विचारतात. त्यासाठीचा अडॅप्टर वेगळा, तीन रंगांच्या पिनांचा, आणि त्यावर पाल आणि एनटीएससी अशा दोन टीव्ही-पद्धतींतून एक निवडायची खिटी असते. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण पालमध्ये सुरू झालं आणि आपले काचेचे टीव्ही त्याच पद्धतीचे, म्हणून खिटी पालवर हवी. दुसरीकडे असली तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली सरकत राहतं. पत्ता आणि वेळापत्रकाची बारीक अक्षरं त्यावर वाचता येणार नाहीत, आणि काठाकडचं थोडं चित्र चौकटीमागे जाईल, हे आधीच सांगितलेलं बरं.

मोडीचं व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं. छताचं रंगकाम पुढे कधी निघेल तेव्हा सीलिंगमधून रिकामा पाइप आणि त्यात ओढदोरी टाकून ठेवायची, असं कार्यवृत्तात नोंदवलं आहे. प्रोजेक्टर त्यानंतर बदलला तरी केबलसाठी पुन्हा काही फोडावं लागणार नाही.